थांबलं तरी जायचंच: पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, तपासण्या आणि सोबतीचं माणूस

गावातली आशाताई घरोघर जाऊन तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरते. आरोग्य खात्यात त्याला ‘सीबॅक’ म्हणतात. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला शुगर आहे का, हे झालं की बायकांसाठीचे प्रश्न येतात आणि त्यात एक असतो: पाळी बंद झाल्यानंतर रक्तस्राव होतो का? प्रश्न बहुधा ओसरीवरच विचारला जातो. शेजारी सून धान्य निवडत असते, समोर मुलगा मोबाइल बघत असतो आणि आशाताईला अजून बरीच घरं करायची असतात. उत्तर ‘नाही’ येतं, ‘नाही’च लिहिलं जातं. फॉर्म चांगला आहे, प्रश्नही अचूक आहे. जागा चुकीची आहे.

बाईला हे सांगणं जड का जातं, याचं कारण नुसती लाज असं म्हणून भागत नाही. आपल्याकडे पाळी गेली की बाईला एक मोकळीक मिळते. देवघर तिच्या ताब्यात येतं, कुळाचाराच्या स्वयंपाकात ती पुढे असते, पंढरीची वारी असो की अंबडच्या मत्स्योदरीचं नवरात्र, तारीख मोजावी लागत नाही. पन्नाशी-साठीत अंगावरून जायला लागलं आणि ते बोलून दाखवलं, तर ही मोकळीक पुन्हा हातची जाते. मग ती जुन्या लुगड्याची घडी घेते आणि गप्प बसते. चार दिवसांनी थांबतं. थांबलं की तिच्या लेखी विषय मिटला.

इथेच सगळी गफलत होते. पाळी थांबून सलग बारा महिने झाले की पाळी गेली, असं वैद्यकशास्त्र धरतं. भारतात हे बहुतेकींच्या बाबतीत पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान घडतं. त्यानंतर दिसलेला प्रत्येक डाग, मग तो गुलाबी असो की तपकिरी, एकदाच दिसो की वरचेवर, तपासायचाच असतो. तो आपोआप थांबला यावरून काहीच सिद्ध होत नाही. कॅन्सरचं रक्तही मध्येमध्ये थांबतं. जगभरच्या अभ्यासांची एकत्रित मांडणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असा रक्तस्राव झालेल्या शंभर बायकांमागे सुमारे नऊ जणींना गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर ज्यांना हा कॅन्सर झाला त्यांतल्या शंभरपैकी नव्वदएक जणींना रक्तस्राव झालेला होता. हे दोन्ही आकडे सोबत जाणाऱ्या माणसाने ध्यानात ठेवावेत. पहिल्याने बाईला धीर देता येतो, दुसऱ्याने घरच्यांना उठवता येतं.

मग बाकीच्या नव्वदएक जणींना काय झालेलं असतं? सगळ्यांत जास्त वेळा काही भयंकर नसतंच. संप्रेरकं कमी झाल्यामुळे योनीमार्ग आणि पिशवीचं अस्तर कोरडं, पातळ, नाजूक होतं आणि जरा कशाने खरचटलं की रक्त येतं. कुणाला पिशवीत मांसल कोंब वाढलेला असतो, डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. कुणाचं अस्तर जाड झालेलं असतं. ते वेळेत सापडलं तर औषधांनी आवरता येतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, स्तनाच्या कॅन्सरनंतर चालू असलेली टॅमॉक्सिफेन, संप्रेरकांच्या गोळ्या, ही कारणंही असतात. खेड्यात आणखी दोन कारणं आढळतात आणि शहरी पुस्तकांत त्यांना जेमतेम एक ओळ मिळते. एक, वर्षानुवर्षं आत राहून गेलेली तांबी. धाकट्या लेकराच्या वेळी बसवली, पुढे काढायची राहिली, पाळी गेली आणि ती आत आहे हेच विसरलं गेलं. दुसरं, अंग बाहेर आलेलं असणं. बाहेर आलेली पिशवी लुगड्याला घासून तिच्यावर जखम होते आणि रक्त त्या जखमेचं असतं. शिवाय रक्त नक्की कुठून येतंय याचाही घोळ असतो. मूळव्याधीचं किंवा लघवीच्या वाटेचं रक्त बाई ‘अंगावरून जातंय’ म्हणूनच सांगते.

आणि आपल्या भागात या यादीत गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वरच्या जागी ठेवायला हवा. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखावर बायकांना तो होतो आणि सुमारे ऐंशी हजार त्याने जातात. श्रीमंत देशांतल्या सल्ल्यांत अस्तरावर जो भर असतो, तो तिथल्या नियमित तपासणीच्या जोरावर. तिथल्या बायकांच्या पिशवीचं तोंड आधी अनेकदा तपासून झालेलं असतं. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी जेमतेम दोन टक्क्यांची ही तपासणी कधीतरी झालेली आढळली. तेव्हा तिकडचा सल्ला जसाच्या तसा उचलून चालत नाही.

आतून तपासणी हीच आपल्याकडे दुर्मिळ गोष्ट आहे, हे महाराष्ट्रातूनच जगाला कळलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत साडेसहाशे बायकांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त आठ टक्के. तोपर्यंत गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढीच व्याख्या होती. ती आजही पुरती सुटलेली नाही. बाळंतपणाला गाडी येते, कार्ड निघतं, पाठपुरावा होतो. साठीच्या बाईसाठी असं काही नाही. तिची गाडी म्हणजे मुलाची मोटारसायकल आणि तिचा पाठपुरावा म्हणजे जो कुणी सोबत गेला असेल तो.

म्हणून सोबतीचा विचार करताना हात धरून बसणं हे काम मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिलं काम आहे साखळी तुटू न देणं. पहिल्यांदा सांगितल्यापासून रिपोर्ट हातात येऊन त्याचा अर्थ कळेपर्यंत चार-पाच टप्पे असतात, आणि बाया हरवतात त्या या टप्प्यांच्या मधल्या फटींत. कापूस वेचणी आली, नातीचं लग्न निघालं, दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी कारखान्यावर निघाली, रक्त थांबलं, सोनोग्राफीवाला ‘विशेष काही नाही’ म्हणाला. यांतलं कुठलंही एक कारण पुरतं.

जालना जिल्ह्यापुरतं बोलायचं तर वाट अशी आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सुरुवात करता येते, पण स्त्रीरोगतज्ज्ञ रोज असतीलच असं धरून चालू नये. आधी चौकशी करून मग निघावं. जालना शहरात गांधी चमनला सरकारी स्त्री रुग्णालय आहे. लोकांच्या डोक्यात ते बाळंतपणाचं म्हणून पक्कं बसलंय, त्यामुळे साठीच्या बाईला तिथे न्यायचं सुचत नाही. पण स्त्रीरोगाची ओपीडी तिथेच असते. बदनापूर तालुक्यात वरुडीला खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जालन्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही २०२४ पासून सुरू झालंय. त्यापुढे साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आणि आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय. मराठवाड्याच्या कॅन्सर रुग्णांचा मोठा भार तेच उचलतं. जाफराबादकडची माणसं मात्र जालन्याकडे न येता चिखली-बुलढाण्याला जातात, भोकरदनची बरीचशी सिल्लोडमार्गे संभाजीनगरला. यात वावगं काही नाही. एकच पथ्य पाळावं: जिथे सुरुवात केली तिथे निदानापर्यंत टिकावं, किंवा सगळे कागद घेऊन पुढे जावं. दर वेळी नवा दवाखाना, नवा केसपेपर आणि नवी सोनोग्राफी, यात पैसा जातो आणि तपासणी पहिल्याच पायरीवर फिरत राहते.

पैशाचं थोडक्यात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे, त्यामुळे तिथे थोडं शुल्क लागतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ती मुख्यतः दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी. निदान होईपर्यंतच्या खासगी तपासण्यांचा खर्च खिशातूनच होतो. एसटीला बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढे प्रवास फुकट. आधार कार्ड आणि रेशन कार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स पिशवीत टाकून निघावं. ऐन वेळी झेरॉक्सचं दुकान शोधण्यात ओपीडीची वेळ निघून जाते.

आता प्रत्यक्ष तपासणी.

पहिली पायरी नुसत्या डोळ्यांनी बघण्याची आहे आणि तीच सगळ्यांत जास्त वेळा गाळली जाते. बाईला टेबलावर झोपवून, पाय वर घेऊन, स्पेक्युलम नावाचं साधन आत घालून डॉक्टर पिशवीचं तोंड बघतात. दोन-चार मिनिटांचं काम. जखम, कोंब, गाठ, तांबीचा दोरा, सगळं इथे दिसू शकतं. लागलं तर पॅप स्मिअर घेतात किंवा व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून तोंडाचा रंग बदलतो का ते पाहतात. पण बाई लाजते, डॉक्टरांना घाई असते, दोघांनाही सोनोग्राफी सोयीची वाटते आणि चिठ्ठी लिहिली जाते. सोनोग्राफी नॉर्मल येते. आता गोम अशी, की पिशवीच्या तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर सोनोग्राफीत सहसा दिसतच नाही. तेव्हा सोबतच्या माणसाने पहिल्याच भेटीत एवढं विचारावं: ‘मॅडम, आतून बघितलं का?’ उद्धटपणा न करता, पण विचारावंच.

या टेबलाची बायकांना धास्ती असते आणि ती खोटी नाही. पाळी गेल्यावर आतली त्वचा कोरडी झालेली असते, त्यामुळे तरुणपणी न दुखणारी तपासणी आता दुखू शकते. लहान आकाराचं स्पेक्युलम वापरा, जरा जेली लावा, दुखलं तर थांबा, असं सांगायचा बाईला हक्क आहे. बऱ्याच जणींचा आतून तपासणीचा शेवटचा अनुभव म्हणजे बाळंतपणातलं खेकसणं असतो. ती आठवण घेऊनच त्या टेबलावर चढतात. गुडघे दुखतात म्हणून पाय वर घेता येत नाहीत, तेही आधीच सांगावं. नेसूचं लुगडं असेल तर सोपं पडतं. बरोबर एक जादा परकर आणि पॅड असू द्यावं.

डॉक्टर बाईच हवी, हा आग्रह जुना आहे. १८८३ साली अमेरिकेला निघण्याआधी सेरामपूरच्या भाषणात आनंदीबाई जोशींनी आपण वैद्यक शिकायला का निघालो याचं कारण म्हणून हिंदू स्त्री डॉक्टरांची गरजच मांडली होती. बाई डॉक्टर मिळाली तर उत्तम. पण तिच्यासाठी महिने घालवू नयेत. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर खोलीत दुसरी स्त्री हजर असणं हा रुग्णहक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या सनदेत लिहिलेला आहे, आणि ती स्त्री तुम्ही सोबत आणलेली असू शकते. मुलगा सोबत असेल तर त्याने दारापर्यंत जावं आणि आतल्या सिस्टरला नाव सांगून बाहेर थांबावं. आईला मुलासमोर तारखा सांगता येत नाहीत. घरून निघण्याआधी सुनेने किंवा लेकीने त्या कागदावर लिहून दिल्या, तर दोघांचीही सुटका होते: पाळी कधी गेली, डाग कधी दिसला, किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत, शुगर-बीपी आहे का, तांबी कधी बसवली होती, ऑपरेशनं कोणती झाली.

दुसरी पायरी सोनोग्राफी. इथे हमखास एक गोंधळ होतो. पोटावरून करायच्या सोनोग्राफीला लघवी तुंबवून ठेवावी लागते, म्हणून ‘पाणी पिऊन या’ हा निरोप सगळ्यांच्या कानात बसलेला. या तपासणीत मात्र हवी असते आतून केलेली सोनोग्राफी आणि तिला मूत्राशय रिकामं लागतं. मंठ्याहून एसटीत तास-दीड तास बसून, बाटलीभर पाणी पिऊन, लघवी रोखून आलेली साठीची बाई सेंटरच्या बाकावर चुळबुळत बसलेली असते. नंबर लागल्यावर आतून आवाज येतो, ‘आधी लघवीला जाऊन या.’ तिचा अर्धा धीर तिथेच संपतो. फोन करून आधी विचारून घेतलं तर हे टळतं. आतली सोनोग्राफी म्हणजे अंगठ्याएवढ्या जाडीची कांडी, तिच्यावर निरोधचं आवरण आणि जेली. बाईला हे आधी सांगितलेलं असावं. आत गेल्यावर ती कांडी बघून कित्येक जणी उठून बसतात आणि त्यांचं चुकत नाही, त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं.

रिपोर्टमध्ये शोधायचा तो अस्तराच्या जाडीचा आकडा, मिलिमीटरमध्ये. चार किंवा त्याहून कमी असेल तर अस्तराच्या कॅन्सरची शक्यता शंभरात एकाहूनही कमी, असा बहुतेक अभ्यासांचा निष्कर्ष आहे. चारच्या वर असेल, किंवा गाठींमुळे अस्तर नीट दिसलंच नसेल, तर तुकडा तपासायचा. आकडा कमी असला तरी रक्त पुन्हा आलं तर तेव्हाही तपासायचा. हा चारचा आकडाही सगळ्यांना सारखा लागू पडत नाही: अमेरिकेत २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय बायकांमध्ये तो पुरेसा भरवशाचा ठरला नाही. फक्त पोटावरून सोनोग्राफी करून ‘पिशवी नॉर्मल’ असं लिहून दिलेलं असेल आणि जाडीचा आकडाच नसेल, तर ती तपासणी अर्धीच झाली असं समजावं.

तिसरी पायरी म्हणजे तुकडा काढणं. या शब्दालाच गावात लोक घाबरतात. ‘तुकडा काढला की पसरतो’, ‘हवा लागली की फोफावतो’ असं सांगणारं माणूस प्रत्येक वाड्यात एक असतं. पिशवीच्या कॅन्सरच्या बाबतीत हे खरं नाही, आणि तुकड्याशिवाय निदानच होत नाही. हल्ली बारीक प्लास्टिकच्या नळीने, ओपीडीतच, भूल न देता अस्तराचा अंश ओढून घेता येतो. मिनिटभराचं काम, पण त्या मिनिटात पाळीच्या कळेसारखी जोरदार कळ येते. तासभर आधी डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळी घेतली तर फरक पडतो. वयाने पिशवीचं तोंड आकसलेलं असेल तर नळी जात नाही. मग भूल देऊन क्युरेटिंग किंवा दुर्बिणीने तपासणी करतात आणि त्यासाठी उपाशीपोटी जावं लागतं. ब्रिटनमध्ये भूल न देता केलेल्या दुर्बीण तपासणीच्या वेदनेवरून बायकांनी मोठी तक्रार उठवली, तेव्हा तिथल्या तज्ज्ञ संस्थांना वेदना कमी करण्याच्या सूचना काढाव्या लागल्या. ‘एवढं काय दुखतं, लेकरं झालीत ना’ हे वाक्य जालन्यातही ऐकू येतं. सोबतच्या माणसाने निदान त्यात सूर मिसळू नये.

आता ती बाटली. मोठ्या रुग्णालयांत तुकडा त्यांच्याच प्रयोगशाळेत जातो. छोट्या दवाखान्यात मात्र बरेचदा नातेवाइकाच्या हातात एक छोटी प्लास्टिकची बाटली देतात: ‘ही लॅबला देऊन या.’ सगळा प्रवास ज्या गोष्टीसाठी झाला, ती गोष्ट एका भांबावलेल्या मुलाच्या शर्टाच्या खिशात. बाटलीतलं द्रव फॉर्मालिन असलं पाहिजे, उग्र वासाचं. साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये तुकडा खराब होतो. बाटलीवर बाईचं पूर्ण नाव, वय, तारीख आणि तुकडा कुठला आहे ते लिहिलेलं हवं. अस्तराचा आणि तोंडाचा असे दोन तुकडे असतील तर बाटल्या दोन. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. लॅबने पावती दिलीच पाहिजे, आणि तिच्यावर रिपोर्टची तारीख घ्यावी. साधारण आठवडा-दहा दिवस धरावेत. ती पावती गाडीच्या डिकीत टाकू नये.

रिपोर्ट आणायला कुणी जातच नाही, ही सगळ्यांत हळहळ वाटायला लावणारी फट. रक्त थांबलेलं असतं, लॅबचा फोन आलेला नसतो, ‘काही असतं तर त्यांनी कळवलं असतं’ असं घरात ठरतं. किंवा रिपोर्ट येतो आणि त्यात ‘नमुना अपुरा’ अशा अर्थाचा इंग्रजी शेरा असतो. मेडिकलवाला वाचून सांगतो, कॅन्सर लिहिलेलं नाही. अपुरा म्हणजे अपुरा. त्यातून कॅन्सर नाही असं निघत नाही. अस्तर फार पातळ असलं की नमुना मिळत नाही, तेव्हा घाबरण्याचं कारण नसतं, पण पुढे काय करायचं हे डॉक्टरांनीच सोनोग्राफी शेजारी ठेवून ठरवायचं.

या सगळ्या साखळीला एक आडवाट आहे आणि मराठवाड्यात ती फार रुळलेली आहे: ‘पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल.’ बीडचं उदाहरण ताजं आहे. ऊसतोड मजूर बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. केंद्राने २०२२ साली अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या पट्ट्यातूनही टोळ्या उसाला जातात, तेव्हा बीडचं दुखणं शेजारचं म्हणून सोडता येत नाही.

पण बीडच्या चर्चेत तरुण बायका होत्या आणि मुद्दा अनावश्यक ऑपरेशनचा होता. पाळी गेलेल्या बाईच्या बाबतीत धोका आणखी एका बाजूने आहे आणि त्याची चर्चा कमी होते. समजा तिला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे आणि तो न तपासताच कुणी साधं पिशवी काढण्याचं ऑपरेशन केलं. या कॅन्सरला टप्प्यानुसार एकतर वेगळं, मोठं ऑपरेशन लागतं किंवा ऑपरेशन न करता रेडिएशन आणि केमो. साधं ऑपरेशन करून ठेवलं की आजार मागे उरतो, पुढच्या उपचारांची घडी विस्कटते आणि बरं होण्याची शक्यता घटते. म्हणजे ‘कटकट मिटवण्यासाठी’ केलेलं ऑपरेशन बरी होऊ शकणारी बाई गमावू शकतं. तुकड्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय पिशवीला हात लावू द्यायचा नाही, यावर सोबतच्या माणसाने अडून बसावं. डॉक्टर रागावले तरी. दुसरं मत घेणं, कागदपत्रांच्या प्रती मागणं हे हक्क मानवाधिकार आयोगाच्या त्याच सनदेत आहेत, आणि महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते.

वेळेत सापडलं तर काय होतं, याचा पुरावाही मराठवाड्यातच आहे. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गावोगाव १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या बायका तीस ते एकोणसाठ वयाच्या, कसलीही तक्रार नसलेल्या होत्या. ज्या बाईला रक्त दिसलंय तिच्यासाठी असली चाळणी पुरत नाही, तिला थेट निदानाची तपासणी हवी. शिबिरात ‘व्हिनेगरची टेस्ट निगेटिव्ह आली’ म्हणून घरी पाठवलेल्या बाईला पुन्हा दवाखाना दाखवावा लागतो तो यासाठी.

रिपोर्ट वाईट आला तर कुणाला सांगायचं? प्रथा अशी, की डॉक्टर मुलाला बाजूला घेतात आणि बाईला ‘पिशवीला सूज आहे’ असं सांगितलं जातं. यामागे माया असते हे मी नाकारत नाही. पण रेडिएशनसाठी पाच-सहा आठवडे रोज हजेरी लावायची असते, आणि सूज कमी करायला कुणी इतके दिवस गाव सोडून राहत नाही. तिला तिसऱ्या दिवशी कळतंच, शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून. तपासणीच्या आधीच तिला विचारून ठेवावं: ‘माय, रिपोर्ट आला की तुला सांगू का दादाला?’ काही जणी खरंच म्हणतात, त्यालाच सांगा. मग तसं करावं. अस्तराचा कॅन्सर रक्त दिसताच तपासला तर बहुधा पिशवीबाहेर गेलेला नसतो आणि अशा बहुतेक जणी ऑपरेशनने बऱ्या होतात, हे मात्र कुणालाही सांगितलं तरी सोबत सांगावं.

रिपोर्ट साधा आला तर कोरडेपणासाठी मलम किंवा पॉलिप काढणं एवढ्यावर भागतं. सहा महिन्यांनी पुन्हा डाग दिसला तर जुना रिपोर्ट दाखवून घरी बसायचं नाही, पुन्हा तपासायचं. आणि पुढच्या रुग्णालयात जायची वेळ आली तर कागदांबरोबर लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा. बाईच्या तुकड्याचा उरलेला अंश त्या मेणात जपलेला असतो आणि परळला टाटामध्ये किंवा घाटीत तो पुन्हा तपासायला मागतात. जालन्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची आणि तिथे ‘ब्लॉक आणला का?’ हा प्रश्न ऐकून परत फिरायचं, हे टाळता येण्यासारखं आहे. लॅबला पावती दाखवली की ब्लॉक मिळतो, म्हणून ती पावती जपायची.